गोळीच्या आधी नळ : मराठवाड्यातल्या शहरांची तब्येत कशानं बदलली?

खडकीकर

शहरातली लेकरं जगायला लागली, माणसाचं आयुष्य वाढलं, याचं श्रेय कुणाला असं विचारलं की बहुतेक जण दवाखान्याकडं बोट दाखवतात. दवाखान्याचं मोल मला मान्यच आहे. पण शहरांचा इतिहास वाचला की दिसतं, पटकीनं (कॉलऱ्यानं) बऱ्याच शहरांतून काढता पाय घेतला तो तिच्यावर धड औषध सापडण्याच्या आधी.

लंडनचं बघा. १८५८च्या उन्हाळ्यात थेम्स नदीला इतकी दुर्गंधी सुटली की काठावरच्या पार्लमेंटला ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवलेले पडदे खिडक्यांना लावावे लागले. त्यानंतर जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरनं शहराखालून गटारांचं मोठं जाळं बांधायला घेतलं. १८६६ला पटकी परत आली, पण तिनं मुख्यतः शहराचा पूर्व भाग झोडपला. गटाराचं काम तिथंच अपुरं राहिलं होतं आणि तिथल्या पाणी कंपनीचं पाणी दूषित होतं. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी ओळखला १८८४च्या आसपास. म्हणजे जंतूचा पत्ता नसताना लंडननं पटकीला वेशीबाहेर घालवलं होतं.

याहून बोलकं उदाहरण जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं आहे. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही अगदी खेटून असलेली शहरं, पाणी दोघांचंही एल्बे नदीचं. आल्टोना ते वाळूतून गाळून देत होतं, हॅम्बुर्ग तसंच देत होतं. १८९२च्या साथीत हॅम्बुर्गात ८ हजारांवर माणसं गेली, आणि हद्दीवरच्या रस्त्याच्या आल्टोनाकडच्या बाजूला त्या मानानं शांतता होती. दोन्हीकडची हवा एक, नदी एक, डॉक्टरांचं ज्ञानही एकच. फरक वाळूचा होता.

आता आपल्याकडं या. १६१०च्या सुमारास मलिक अंबरनं खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नहरीतून, नुसत्या उताराच्या जोरावर शहरात आणलं. नहर-ए-अंबरी. पुढं पाणचक्कीसाठीही खापरी नळांतून असंच पाणी आलं. पाणी झाकून आणायचं ही अक्कल या शहराला चारशे वर्षांपूर्वीची आहे.

निजामाच्या राजवटीत १९०८च्या मुसी नदीच्या पुरानंतर विश्वेश्वरय्यांना हैदराबादला बोलावलं गेलं, त्यातून उस्मानसागर, हिमायतसागर ही धरणं आणि भुयारी गटारांची आखणी झाली. ते राजधानीपुरतं. आपल्या जिल्ह्याच्या गावांत आड, बारव आणि टोपलीचे संडास पुढंही बरीच वर्षं चालले. १९७६ला जायकवाडी धरण झालं. त्याचा नाथसागर जलाशय काठोकाठ भरलेला असतानाही छत्रपती संभाजीनगरातल्या कित्येक वस्त्यांना आठवड्यानं पाणी मिळत आलंय. नवी पाणी योजना १,६८० कोटींची ठरली होती, ती २,७४० कोटींवर गेली.

माझं म्हणणं एवढंच की लंडनच्या पूर्व भागासारखं आपलं काम अपुरं राहिलंय, आणि आपले आजार त्या अपुऱ्या जागेतूनच येतात. आपापल्या शहराचं लिहा. कधी काय आलं, त्यानं काय बदललं, काय राहिलं?

गोदाकाठचा_डॉक्टर

नांदेडहून लिहितोय. लहान मुलांचा डॉक्टर आहे.

खडकीकर, तुमच्याशी बऱ्याच अंशी सहमत. पण एक सावधगिरी हवी. देवी पाण्यानं किंवा गटारानं गेली नाही, लसीनं गेली. भारतातला देवीचा शेवटचा स्थानिक रुग्ण मे १९७५मधला. पोलिओ पसरतो विष्ठेतून, तरी तो गेला डोसामुळं, कारण संडास सगळीकडं पोचण्याची वाट बघत बसलो असतो तर अजून एक पिढी लंगडली असती. निसर्गातल्या पोलिओ विषाणूचा भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११चा. तेव्हा 'गोळीच्या आधी नळ' हे पटकी-टायफॉइडला लागू आहे, सगळ्याच आजारांना नाही.

क्षयाची गोष्ट मधली आहे. स्ट्रेप्टोमायसिन हे त्यावरचं औषध १९४३मध्ये सापडलं, पण इंग्लंडात क्षयाचे मृत्यू त्याच्या कितीतरी आधीपासून उतरत होते. थॉमस मॅककिऑन या ब्रिटिश डॉक्टर-संशोधकांनी हे दाखवून श्रेय सुधारलेल्या आहाराला दिलं. पुढं सायमन स्रेटर या इतिहासकारांनी १९८८मध्ये त्यांना हरकत घेतली : नुसता आहार नाही, नगरपालिकांनी भांडून, कर लावून केलेली पाण्याची, गटारांची, घरांची कामंही त्यामागं आहेत. हा वाद मला फार महत्त्वाचा वाटतो. आहार हेच कारण मानलं तर पगार वाढले की सगळं आपोआप होईल असं समजून बसता येतं. नगरपालिका हे कारण मानलं तर कुणीतरी ठराव मांडावा लागतो आणि कुणीतरी पैसे भरावे लागतात.

माझ्या ओपीडीत मला रोज दिसतं ते वेगळं आहे. मूल हगवणीनं क्वचित दगावतं. ओआरएसनं ती लढाई बरीच जिंकली. १९७१ला बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ते वापरून दाखवलं, मीठ-साखर-पाणी. पण वरचेवर जुलाब होणारं मूल खाल्लेलं अंगी लावून घेत नाही. वजन वाढत नाही, उंची खुंटते, मग साधा गोवर किंवा न्यूमोनिया त्याला जड जातो. अशा मुलाला मी औषध देतो आणि ते त्याच पाण्याकडं परत जातं. ही अगतिकता दवाखान्याच्या भिंतीआड मिटत नाही.

मांजराकाठची

बरोबर बोलायलालाव डॉक्टर.

मी लातूरची. २०१६चं आमच्याइतकं कुणाला आठवत नसंल. मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लावलं होतं, गर्दी करायची नाही म्हणून. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे, जलदूत, आली, १० वाघिणी, ५ लाख लिटर. सुमारे ३४० किलोमीटरवरून. पुढं ५० वाघिणींची गाडी यायला लागली, एका खेपेला २५ लाख लिटर. चार लाखांच्या शहराला ते किती पुरणार? पण तेवढ्यानं माणसांना धीर आला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मला सांगायचंय ते त्या गाडीबद्दल नाही, घरातल्या ड्रमबद्दल. पाणी कधी येईल याचा भरवसा नसला की बाई घरातलं सगळं भरून ठेवते. रांजण, घागरी, ड्रम, बादल्या, शेवटी पातेली. मग त्या ड्रममध्ये डास होतात. पाणी शिळं झालं म्हणून ओतून द्यायचं तर जीव होत नाही, कारण ते डोक्यावरून आणलेलं असतं. आशाताई 'कोरडा दिवस पाळा, भांडी रिकामी करा' असं सांगत येतात. त्यांचं चुकत नाही आणि बाईचंही चुकत नाही. डेंगीचा डास स्वच्छ साठवलेल्याच पाण्यात होतो. आमच्या गल्लीत डेंगी यायची ती घाणीनं नाही, टंचाईनं.

दुसरं असं की पोरींची शाळा. पाणी यायच्या दिवशी पोरगी घरी. हे कुठल्याच दवाखान्याच्या रजिस्टरला लागत नाही. नळ रोज आला तर पोरगी शाळेत जाते, शिकलेली पोरगी उशिरा लग्न करते, तिचं लेकरू धडधाकट होतं. ही सगळी साखळी एका तोटीपासून सुरू होते.

जलकुंभ

पाणीपुरवठ्यात नोकरी झाली, आता निवृत्त आहे. मांजराकाठच्या ताईंनी ड्रमचं सांगितलं, मी पाइपातलं सांगतो. ते दिसत नाही म्हणून लोकांच्या लक्षात येत नाही.

शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी बहुतेक वेळा चांगलंच असतं. तुरटी घालून गाळ बसवतात, वाळूच्या थरातून गाळतात, क्लोरिन देतात. शहराच्या पाण्याला कायम क्लोरिन द्यायला अमेरिकेत जर्सी सिटीनं १९०८मध्ये सुरुवात केली, तत्त्व आजही तेच आहे. घात होतो वाटेत. लाइन चोवीस तास भरलेली असेल तर आतला दाब पाण्याला बाहेर ढकलतो. सांधा गळका असला तरी पाणी बाहेर जातं, घाण आत येत नाही. नुकसान होतं ते पाण्याचं, आरोग्याचं नाही. पण पाणी आठ दिवसांनी दोन तास येणार असेल तर बाकीचा वेळ लाइन रिकामी पडते. दाब संपला की त्याच गळक्या सांध्यातून आजूबाजूचं सांडपाणी आत झिरपतं. जुन्या वस्त्यांत घरजोडणीचा लोखंडी पाइप गटारातून किंवा गटाराला लागून गेलेला असतो आणि बारा-पंधरा वर्षांत तो गंजतो. त्यात घरोघरी नळाला थेट मोटार लावलेली. मोटार पाणी ओढते आणि पाण्याबरोबर गटारही ओढते. शेजाऱ्याला पाणी मिळत नाही हे एक, आणि सगळ्या गल्लीला कावीळ मिळते हे दुसरं.

म्हणून पाणी आल्यावर पहिला लोट पिण्याला घ्यायचा नसतो. आमचे व्हॉल्व्हमन हे पूर्वीपासून सांगत आले, त्यांच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही.

रोज पाणी देणं ही चैन आहे, आधी पुरेसं पाणी आणा, असं पुढारी म्हणतात. शेजारच्या कर्नाटकात हुबळी-धारवाड, बेळगाव आणि आपल्यासारख्याच कोरड्या कलबुर्गीत काही भागांत चोवीस तास पाणी देऊन पाहिलं. कलबुर्गी तर आपल्याबरोबर निजामाच्याच राज्यात होतं. हुबळी-धारवाडला नंतर अभ्यास झाला. लहान मुलांच्या एकूण जुलाबांत मोठा फरक दिसला नाही, पण टायफॉइड कमी होता आणि गरीब घरांतल्या मुलांची रक्ती हगवण कमी होती. म्हणजे फायदा नेमका तिथं झाला जिथं लोकांना फिल्टर घेणं परवडत नाही.

बारववेडा

आमच्या आवडीच्या बारवांबद्दल एक कडू सत्य सांगतो. मराठवाड्यात गावोगावी बारवा आहेत, त्यांचा दगड, पायऱ्या, देवकोष्ठं बघताना मी हरखून जातो. त्या साफ व्हाव्यात म्हणून श्रमदानही करतो. पण याच पायऱ्यांनी नारू पसरवला.

नव्या पिढीला नारू माहीत नाही, आणि हेच मोठं यश. पायाला फोड यायचा, तो फुटून आतून हातभर, कधी त्याहूनही लांब पांढरा किडा बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. ओढताना तुटला तर पाय पिकायचा. पेरणीच्या दिवसांत माणूस खाटेला खिळायचा. आग शमावी म्हणून तो बारवेच्या पायऱ्या उतरून पाय पाण्यात बुडवायचा, आणि त्या क्षणी किडा पाण्यात हजारो पिल्लं सोडायचा. पाण्यातले सायक्लॉप्स नावाचे बारीक जीव ती खायचे, तेच पाणी गाव प्यायचं, आणि साधारण वर्षभरानं दुसऱ्याच्या पायाला फोड.

नारूला लस नाही. तो मारणारं औषधही नाही. तरीही तो गेला. १९८०च्या दशकात राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तिच्यात महाराष्ट्रही होता. पायऱ्यांच्या विहिरी बुजवून किंवा काठ बांधून त्यांचे आड केले, म्हणजे माणसाला पाण्यात उतरताच येऊ नये. पाणी फडक्यानं गाळून प्यायला शिकवलं. पाण्यात सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस टाकलं. गावात हातपंप बसवले. भारतातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६मधला, राजस्थानातला. फेब्रुवारी २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देश नारूमुक्त असल्याचा दाखला दिला.

या हातपंपाचं मूळ आपल्या जालन्यात आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? आधीचे पंप बिडाचे असायचे, एका घरापुरते बनवलेले. आख्खं गाव दिवसभर हापसू लागलं की मोडायचे. १९६०च्या दशकात जालन्यात मिशनच्या लोकांनी विंधनविहिरी घेतल्या आणि पोलादी, एकाच खिळीवर फिरणारा मजबूत पंप तयार केला. त्याला जालना पंप म्हणायचे. सोलापुरात तो आणखी सुधारला, आणि त्यावरून पुढं युनिसेफच्या मदतीनं इंडिया मार्क टू तयार झाला. तो आफ्रिकेतल्या खेड्यांपर्यंत पोचला. १९७२च्या दुष्काळातून बाहेर पडणाऱ्या मुलखानं जगाला दिलेली ही भेट आहे, आणि जालन्यात तिची एक साधी पाटीसुद्धा माझ्या पाहण्यात नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तांडा_ते_शहर

सगळं वाचलं. छान चाललंय. पण ज्यांनी हे शहर साफ ठेवलं ते अजून धाग्यात आले नाहीत.

खडकीकर, तुम्ही टोपलीच्या संडासाचा उल्लेख करून पुढं गेलात. ती टोपली कुणाच्या तरी डोक्यावर होती. आपल्या शहरांची तब्येत कित्येक पिढ्या एका जातीच्या तब्येतीवर उभी राहिली. ते लोक पहाटे मागच्या बोळीतून यायचे, मागच्याच बोळीतून जायचे, म्हणून पुढच्या दारातल्या कुणाला दिसले नाहीत. डोक्यावरून मैला वाहण्यावर बंदीचा कायदा १९९३मध्ये आला, तो धड राबवला गेला नाही म्हणून २०१३मध्ये दुसरा आणावा लागला. आजही सेप्टिक टँकमध्ये उतरून माणसं गुदमरून मरतात, मराठवाड्यातही. एक आत उतरतो, बेशुद्ध पडतो, त्याला काढायला सख्खा भाऊ उतरतो, आणि दोघंही जातात.

कमोड आला, फ्लश आला, घर स्वच्छ झालं. पण भुयारी गटार नसलेल्या कॉलनीत तो मैला घराखालच्या टाकीतच राहतो. ती उपसणारी गाडी कुठं रिकामी करतात ते एकदा बघून या. बहुतेक वेळा नाला. पुढं तोच नाला नदीला. सार्वजनिक आरोग्याचा हिशोब मांडताना सफाई कामगाराचं आयुर्मान त्यात धरलं पाहिजे, एवढंच.

खडकीकर

तुमचा मुद्दा पूर्ण मान्य. हॅम्बुर्गची वाळू सांगताना आपल्या बोळीबद्दल सविस्तर बोलायलाच हवं. तुम्ही ते माझ्यापेक्षा नेमकं बोललात.

कचऱ्याचंही इथंच नोंदवतो. फेब्रुवारी २०१८मध्ये नारेगावच्या लोकांनी आमच्या शहराचा कचरा अडवला. वर्षानुवर्षं आख्ख्या शहराची घाण त्यांच्या शेताशेजारी, विहिरींशेजारी पडत होती. त्यांनी गाड्या थांबवल्यावर शहरात महिनोन् महिने ढीग साचले, मार्चमध्ये तो कचरा मिटमिट्यात टाकायला नेल्यावर तिथं दंगल झाली. ओला-सुका वेगळा करणं, वॉर्डात खत करणं या गोष्टी गंभीरपणे सुरू झाल्या त्या त्यानंतर. म्हणजे इथंही आमचं आरोग्य सुधारलं ते दुसऱ्या गावानं तुमची घाण आम्ही सोसणार नाही असं ठणकावल्यामुळं.

हदगावकर

एक चांगलं उदाहरण देतो, खेड्यातलं आहे पण शहराला शिकता येईल. आमच्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीत घरोघरी शोषखड्डे केले. न्हाणीचं, मोरीचं सांडपाणी खड्ड्यात, मध्ये भोकं पाडलेली टाकी, भोवती दगड-विटांचे तुकडे. पाणी जमिनीत मुरतं, उघडी गटारं राहत नाहीत, डासाला जागा राहत नाही. धूरफवारणी न करता गाव डासमुक्त म्हणून गाजलं, आणि जिल्हा परिषदेनं पुढं ते गावोगावी नेलं. नांदेड पॅटर्न म्हणतात त्याला.

गोदाकाठचा_डॉक्टर

शोषखड्ड्याला माझा पूर्ण पाठिंबा, पण दाट वस्तीत तो चालत नाही. काळ्या मातीत पाणी मुरायला वेळ लागतो आणि शेजारी बोअर असेल तर सांडपाणी त्यात उतरण्याची भीती असते. शहराला भुयारी गटार आणि शुद्धीकरण केंद्र याला पर्याय नाही. २००८च्या गुरु-ता-गद्दीच्या, म्हणजे शिखांच्या त्रिशताब्दी सोहळ्याच्या वेळी केंद्राच्या निधीतून आमच्या नांदेडात रस्ते, पाणी, मलनिस्सारण यांची कामं एकदम झाली. पैसा आणि ठरलेली तारीख दोन्ही असलं की कामं होतात हे आम्ही पाहिलं. तरीही काही नाले गोदावरीला मिळतातच. विष्णुपुरी धरणातून पाणी उचलायचं आणि पुढच्या गावाला सांडपाणी पाठवायचं, हे थांबलेलं नाही.

मांजराकाठची

जलकुंभ काका, एक विचारते. आमच्या नळाचं पाणी चांगलं हाय का नाही, हे बाईनं घरी कसं ओळखायचं? दिसायला तर नितळ दिसतं.

जलकुंभ

ताई, नितळपणावर जाऊ नका. कावीळ आणि टायफॉइडचं पाणी काचेसारखं असू शकतं. ओटी टेस्ट करायची. ऑर्थोटोल्युडिन नावाच्या द्रावणाची छोटी बाटली आणि रंगपट्टी असलेली नळी मिळते. ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडं असते, शहरात पाणीपुरवठा विभागाकडं किंवा आरोग्य केंद्रात. नळीत पाणी घेऊन थेंब टाकले की क्लोरिन असल्यास पिवळा रंग येतो. नळाच्या टोकाला किमान लिटरमागं ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं असावं. रंग आलाच नाही तर एकतर वर टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकलं नाही, नाहीतर वाटेत लाइनमध्ये घाण शिरली आणि क्लोरिन तिच्याशी झगडून संपलं. दोन्ही वेळा पाणी उकळून प्या आणि लेखी तक्रार द्या. तोंडी दिली तर तिची नोंद राहत नाही.

टेस्ट पाणी आल्यावर लगेच एकदा आणि अर्ध्या तासानं एकदा करा. पहिल्यात रंग नाही आणि दुसऱ्यात आला, तर तुमच्या जवळपासच्या सांध्यात दोष असू शकतो, तसं तक्रारीत लिहा म्हणजे फिटर नेमकी जागा खणेल. आणि नमुना जलकुंभाजवळच्या घरातून घेऊ नका, तिथं नेहमीच चांगलं येतं. लाइनच्या अगदी शेवटच्या घरातून घ्या. बहुतेक शहरांत ते घर झोपडपट्टीत असतं आणि तिथं नमुना घ्यायला सहसा कुणी जात नाही.